यूरोपची सहल : कोणती निवडावी?

चौतीस वर्षें मीं मुलांना भूगोल शिकविला. भिंतीवर यूरोपचा नकाशा टांगावा, हातांत छडी घ्यावी, आणि आल्प्स पर्वतांत उगम पावणाऱ्या ऱ्हाईन नदीवरून ती हळूहळू वर नेत हॉलंडपाशीं उत्तर समुद्रांत सोडावी, हा माझा दर वर्षाचा प्रवास. त्याला व्हिसा लागत नसे. खर्च म्हणाल तर दोन खडूंचा. हॉलंड हा माझा विशेष आवडीचा देश. समुद्राला बांध घालून आणि पाणी उपसून ज्यांनीं जमीन मिळविली, त्या लोकांची हकीकत सांगतांना तास केव्हां संपे तें मला कळत नसे. पण हॉलंड काय किंवा आल्प्स काय, त्यांतलें कांहींच मीं डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें.

मी सेवानिवृत्त झालों. माझें लग्न उशिरां झालेलें; त्यामुळें त्या वेळीं मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आणि मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. एके दिवशीं जेवतांना पत्नी म्हणाली, “अहो, आयुष्यभर लोकांच्या मुलांना यूरोप दाखविलात. एकदां आपल्या मुलांना घेऊन जाऊं या. पुढच्या वर्षीं ही नोकरीसाठीं बंगळूरला जाईल. मग चौघें एकत्र केव्हां सांपडणार?” तिनें टपालखात्याच्या नोकरींत आणि मीं शाळेंत जें मागें टाकलें होतें, त्यांतला मोठा भाग या एका सहलींत जाणार होता. असा योग पुन्हां येणें नाहीं. म्हणून निवड चुकून चालणार नव्हती. त्या निवडीपायीं आमच्या घरांत दोन महिने जो खल झाला, त्यांतून मला जें कळलें तें आज आपल्यापुढें ठेवावें असा विचार आहे. ज्यांच्या घरीं महाविद्यालयांत शिकणारीं मुलें आहेत आणि टेबलावर सहलींचीं गुळगुळीत माहितीपत्रकें पडलेलीं आहेत, त्यांना त्याचा कांहीं उपयोग होईल.

तरुणांना मार्गदर्शकाबरोबर यूरोप दाखविण्याची कल्पना नवी नाहीं. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडांतील श्रीमंत घराण्यांतले मुलगे एका शिक्षकाला बरोबर घेऊन फ्रान्स व इटली पाहण्यास जात. प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथ यानें १७६४ सालीं ग्लासगोची प्राध्यापकी सोडली, ती एका तरुण ड्यूकला असा प्रवास घडविण्यासाठींच. पुढें १७७६ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें लिहिलें तें मात्र उलट! कोवळ्या वयांत परदेशीं पाठविलेला मुलगा दोन भाषांचें अर्धवट ज्ञान घेऊन येतो आणि पूर्वीपेक्षां अधिक गर्विष्ठ व अभ्यासाला निरुपयोगी होऊन येतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. सामान्य माणसाची सहल आली ती पुढच्या शतकांत. टॉमस कुक यानें ५ जुलै १८४१ रोजीं लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारें पांचशें माणसें एका शिलिंगांत आगगाडीनें नेलीं, आणि १८६३ सालीं तो इंग्रज प्रवाशांची पहिली टोळी स्वित्झर्लंडला घेऊन गेला. आज मुंबई-पुण्याहून जे जथे निघतात, ते कुकचेच वारस. पण स्मिथनें उभा केलेला प्रश्न अद्याप मिटलेला नाहीं : मुलाला नुसतें फिरवून आणायचें, कीं त्याला कांहीं दिसावें अशी व्यवस्था करायची?

आतां बाजारांतील मालाकडे वळूं. यूरोपच्या सहली स्थूलमानानें तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार आपल्या लोकांच्या जथ्याचा. बसमध्यें चाळीस-पंचेचाळीस माणसें, बरोबर आपल्या भाषेंत बोलणारा व्यवस्थापक, रात्रीं भारतीय जेवण, आणि सकाळीं न्याहारीनंतर बस सुटायची वेळ ठरलेली. दुसरा प्रकार परदेशी कंपन्यांच्या सहलींचा. त्यांत निरनिराळ्या देशांचे प्रवासी एकत्र असतात, मार्गदर्शन इंग्रजींतून होतें आणि जेवणाची बरीचशी सोय ज्याची त्यानें पाहायची असते. तिसऱ्या प्रकारांत तिकिटें, हॉटेलें व कांहीं ठिकाणची प्रवेशपत्रें कंपनी काढून देते. पण तिकडे आगगाडीनें हिंडायचें तें आपलें आपण. आमचा मुलगा तिसऱ्या प्रकाराच्या बाजूचा, मी पहिल्याच्या. पत्नीचा गुडघा दुखतो. सामान ओढीत फलाट बदलणें तिला जमणारें नव्हतें. तेव्हां तिसरा प्रकार गळाला. मुलाला तें फारसें रुचलें नाहीं, पण आईच्या गुडघ्यापुढें त्याचें चाललें नाहीं.

उरल्या दोन सहली. एक पंधरा दिवसांची, नऊ देशांची. दुसरी बारा दिवसांची, तिच्यांत देश फ्रान्स, स्वित्झर्लंड व इटली हे तीनच. आणि किंमत जवळजवळ तितकीच. मीं नऊ देशांवर बोट ठेवलें. माझा हिशेब सरळ होता : त्याच पैशांत तिप्पट देश! शिवाय त्यांत हॉलंड होतें.

मुलगी म्हणाली, “बाबा, ते नऊ कोणते तें एकदां वाचून पाहूं या का?” आम्हीं वाचले. हॉलंड, बेल्जियम, फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, लिश्टेनस्टाईन, ऑस्ट्रिया, इटली आणि व्हॅटिकन. भूगोलाच्या मास्तराला तेथेंच हंसूं आलें पाहिजे होतें. लिश्टेनस्टाईनचें क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर. तेथें बस एक तास थांबणार होती. व्हॅटिकन तर अर्ध्या चौरस किलोमीटरहूनही लहान, आणि तो रोम शहराच्या पोटांत आहे. रोमला जाणारा प्रत्येक प्रवासी तेथें जातोच. हे दोन्ही देश आहेत यांत शंका नाहीं. परंतु माहितीपत्रकांतील देशांचा आंकडा फुगविण्यास ते फार सोयीचे आहेत. देश मोजणें हें सहलीचें माप नव्हे, हा माझा पहिला धडा.

मग माप कोणतें? मुलीनें एक कोरा कागद घेतला आणि मला म्हटलें, “तुम्ही वाक्यांतलीं क्रियापदें ओळखायला शिकवीत होतां ना? आतां यांतलीं ओळखा.” श्रोतेहो, ही युक्ति मी आपणांस आग्रहानें सांगतों. माहितीपत्रकांतील नामांकडे पाहूं नका. नामें सर्वांचीं सारखींच असतात. आयफेल मनोरा, लूव्ह्र, कोलोसियम हीं नांवें प्रत्येक पत्रकांत असायचींच. फरक असतो तो क्रियापदांत. “आंत जाऊन पाहूं” म्हणजे तिकीट किंमतींत धरलेलें आहे. “बाहेरून पाहूं” किंवा “छायाचित्रासाठीं थांबूं” म्हणजे वीस मिनिटें उतरायचें, फोटो घ्यायचा, परत बसमध्यें चढायचें. “वाटेंत दिसेल” म्हणजे कांचेंतून दिसेल. तेंही आपण बसच्या त्या बाजूला बसलेले असलों तर! आणि “ऐच्छिक” याचा अर्थ वेगळे युरो मोजावे लागतील. न मोजल्यास इतर मंडळी परत येईपर्यंत कोठेंतरी बसून राहावें लागेल. आम्हीं दोन्ही पत्रकांतील प्रत्येक ठिकाणापुढें ‘आंत’, ‘बाहेरून’, ‘वाटेंत’ अशा खुणा केल्या. नऊ देशांच्या सहलींत पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयापुढें ‘बाहेरून’ अशी खूण पडली. आमची मुलगी इतिहास घेऊन पदवीला बसलेली. पॅरिसला जाऊन लूव्ह्र बाहेरून पाहायचें म्हणजे पंढरपूरला जाऊन कळसाला नमस्कार करून परतायचें. वारकऱ्याला गर्दींत तें पुरतें, कारण त्याची भक्ति पुरी असते. आमची तेवढी कोठें?

त्यानंतर आम्हीं तास मोजले. नऊ देशांच्या सहलीचा मार्ग मीं नकाशावर दोऱ्यानें मोजला. अ‍ॅमस्टरडॅमहून ब्रसेल्स सुमारें २१० किलोमीटर, तेथून पॅरिस ३००वर, पॅरिसहून मध्य स्वित्झर्लंड ६००च्या घरांत, पुढें इन्सब्रुक, व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम. बाजूचे फेरे धरून हा प्रवास अडीच हजार किलोमीटरांच्या खालीं येईना. तिकडे बसचालकाला कायद्याचें बंधन आहे. साडेचार तास गाडी चालविल्यावर त्याला पाऊण तास विश्रांति घ्यावीच लागते. दिवसाला नऊ तासांवर, आणि आठवड्यांतून दोनदां दहा तासांवर, त्याला गाडी हांकतां येत नाहीं. नियम उत्तम आहे; आपल्याकडेही तो तितक्याच कसोशीनें पाळला गेला तर किती बरें! पण त्याचा अर्थ असा कीं, पॅरिसहून स्वित्झर्लंडला बसनें जाण्याचा दिवस हा जाण्याचाच दिवस. पत्रकांत त्याला “सातवा दिवस : स्वित्झर्लंड” असें म्हटलेलें असतें; प्रत्यक्षांत तो पेट्रोलपंपांचा दिवस असतो. असे दिवस वजा केले, विमानाचा पहिला व शेवटचा दिवस वजा केला, तेव्हां पंधरांतले हातीं सात-आठच राहिले. बारा दिवसांच्या सहलींत मुक्काम चारच होते : पॅरिसला तीन रात्री, लुत्सर्नला तीन, फ्लॉरेन्सला दोन आणि रोमला तीन. वजाबाकी करून तींतही आठ दिवस उरले. आणि त्या आठांत तीन दुपारी अगदीं मोकळ्या होत्या.

या मोकळ्या दुपारींबद्दल थोडें अधिक सांगतों, कारण मोठीं मुलें बरोबर असतांना सहलीचें मर्म त्यांतच आहे, असें माझें आतां मत झालें आहे. दहा वर्षांचें मूल आईबापांचा हात धरून चालतें. त्याला मोकळी दुपार नको असते. वीस वर्षांच्या मुलाला पंधरा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत झेंडा धरलेल्या माणसामागें चालविलें, तर तो आठव्या दिवशीं मान खालीं घालून मोबाईल पाहूं लागतो. आणि आपण म्हणतों, आजकालच्या मुलांना कशाचेंच कौतुक नाहीं! मोकळी दुपार पत्रकांत आहे कीं नाहीं, आणि असल्यास ती शहराच्या मध्यभागीं आहे कीं हमरस्त्यावरच्या हॉटेलांत, तें पाहावें. स्वस्त सहलींचीं हॉटेलें पुष्कळदां शहराबाहेर वीस-पंचवीस किलोमीटरांवर असतात. जून महिन्यांत पॅरिसला सूर्य मावळतो तो रात्रीं दहाच्या सुमारास. साडेसातला जेवण उरकून मंडळी शहराबाहेरच्या खोलींत येऊन बसली, तर दोन-अडीच तासांचा सुंदर उजेड खिडकींतून पाहत राहावा लागतो. म्हणून कंपनीला हॉटेलचें नांव, निदान तें कोणत्या भागांत आहे, आणि जवळ मेट्रोचें किंवा आगगाडीचें स्थानक आहे कीं नाहीं, हें पैसे भरण्यापूर्वीं विचारावें. “त्याच दर्जाचें दुसरें हॉटेल मिळेल” हें वाक्य पत्रकाच्या शेवटीं बारीक अक्षरांत असतें. दर्जा तोच राहील, पण अंतर बदलेल. म्हणून अंतराबद्दलही लेखी विचारावें.

तारीख निवडतांनाही पंचांग पाहावें लागतें. मात्र तें संग्रहालयांचें. लूव्ह्र मंगळवारीं बंद असतें. फ्लॉरेन्सचें उफ्फिझी सोमवारीं बंद. व्हॅटिकनचीं संग्रहालयें, आणि म्हणून मायकेलअँजेलोनें रंगविलेलें सिस्टाईन चॅपेल, महिन्याचा शेवटचा रविवार सोडल्यास रविवारीं बंद. आम्हीं जी पहिली तारीख पाहिली होती तींत पॅरिसची मोकळी दुपार नेमकी मंगळवारची निघाली. पुढच्या आठवड्याची तुकडी घेतली, आणि ती बुधवारवर आली. पॅरिसचें नोत्र-दाम हें पुरातन चर्च १५ एप्रिल २०१९ रोजीं आगींत जळालें होतें. तें डिसेंबर २०२४ मध्यें पुन्हां उघडलें आहे आणि तेथें प्रवेशाला पैसे पडत नाहींत. ही मोकळ्या दुपारीची आणखी एक सोय.

मोठ्या मुलांचें दुसरें पंचांग परीक्षेचें. हें फार कठीण. विद्यापीठाच्या परीक्षेची तारीख पुढें जाते, आणि सहलीची तारीख जागेवर असते. पैसे भरण्यापूर्वीं इतकें तरी लेखी घ्यावें कीं, किती दिवस आधीं रद्द केल्यास किती रक्कम कापली जाईल, आणि व्हिसा नाकारला गेल्यास काय परत मिळेल. व्हिसाचें शुल्क तर परत मिळतच नाहीं. तें जून २०२४ मध्यें प्रौढाला ९० युरो झालें, आणि बारा वर्षांवरील प्रत्येकाला प्रौढाइतकेंच पडतें. शेंगेन या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या गटांत आतां २९ देश आहेत. त्या सर्वांना एकच व्हिसा पुरतो. स्वित्झर्लंड यूरोपीय संघांत नसूनही या गटांत आहे. ब्रिटन व आयर्लंड मात्र नाहींत. म्हणून पत्रकांत लंडन असेल, तर दुसरा व्हिसा आणि दुसरा खर्च आला. शिवाय पासपोर्ट दुसऱ्यांदा कचेरींत अडकून पडण्याचा धोका आला. ज्या मुलाला त्याच काळांत पासपोर्ट दाखवून एखादी परदेशी विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा द्यायची असेल, त्यानें याचा विचार आधींच करावा. अर्ज प्रवासापूर्वीं सहा महिन्यांपर्यंत करतां येतो. निदान पंधरा दिवस आधीं तो गेला पाहिजे, पण उन्हाळ्याच्या गर्दींत इतकें ताणूं नये. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा, आणि प्रवास-विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. अठरा वर्षांवरील मुलांचा अर्ज स्वतंत्र असतो. त्यांच्यासाठीं महाविद्यालयाचा दाखला आणि खर्च वडील करणार असल्याचें पत्र लागतें. तो दाखला सुटी लागण्यापूर्वीं काढावा. मे महिन्यांत महाविद्यालयाच्या कचेरींत पंखा फिरत असतो, पण माणूस असतोच असें नाहीं.

पैशांचें एक-दोन शब्दांत सांगतों; रकमा दर हंगामाला बदलतात. जाहिरातींतील आंकडा ही सुरुवात समजावी. त्यावर जीएसटी, शिवाय परदेशी सहलीवर आगाऊ वसूल होणारा आयकर. हा दुसरा कर विवरणपत्र भरतांना वजा करून मिळतो; परंतु तो ज्याच्या पॅनवर जमा झाला त्यालाच मिळतो. म्हणून पावती कमावत्या माणसाच्या नांवें असावी. मुलांच्या नांवें झाली तर त्यांना केवळ परताव्यासाठीं विवरणपत्र भरावें लागेल. यानंतर व्हिसा, विमा, चालक व व्यवस्थापक यांची बक्षिसी, कांहीं शहरांचा मुक्कामकर, दुपारचीं जेवणें व ‘ऐच्छिक’ ठिकाणें. ही सर्व बेरीज दोन्ही सहलींची शेजारी-शेजारी मांडावी. आमच्या बाबतींत नऊ देशांच्या सहलींतील ऐच्छिक ठिकाणें मिळवल्यावर तीच महाग ठरली.

खोल्यांचेंही पाहावें. दर असतो तो दोघांनीं एक खोली घेण्याचा. तिघांसाठीं म्हणून जी खोली मिळते, तींत तिसरी खाट बहुधा घडीची असते. सहा फुटी मुलाचे पाय तिच्याबाहेर राहतात. मोठीं मुलें असलेल्या चौघांच्या कुटुंबानें दोन खोल्या घेऊन आई-मुलगी एकींत आणि बाप-लेक दुसरींत अशी वांटणी करावी, हें उत्तम. जेवणाबद्दल माझें पूर्वीचें मत असें कीं, रोज वरणभात मिळाला पाहिजे. आतां असें म्हणतों कीं, रात्रीचें जेवण आपलें असावें, दुपारचें मुलांवर सोडावें. फ्लॉरेन्सच्या एका गल्लींत मुलानें आणलेला पाव आणि चीज आम्हीं पायऱ्यांवर बसून खाल्लें. त्या सबंध सहलींत पत्नीला तेंच जेवण अधिक आठवतें.

असा हिशेब झाला, कागद भरला, आणि तीन देशांची सहल ठरली. ठरली असें मी म्हणतों. खरें म्हणजे ती मुलांनीं ठरविली व मीं मान्य केली. मुलांच्या हातीं पेन्सिल देणें मला सोपें गेलें नाहीं. पैसे आमचे, वय आमचें, भूगोल माझा. आणि निकाल देणारीं कालचीं पोरें! शिवाय माझें हॉलंड गेलें. त्या रात्रीं मीं जुना नकाशा काढून पाहिला, तें मीं घरांत कोणाला सांगितलें नव्हतें. आज प्रथमच सांगतों आहें.

आम्ही जूनमध्यें गेलों. सर्व कांहीं सुरळीत झालें असें नाहीं. लुत्सर्नच्या मोकळ्या दुपारीं दोघां मुलांनीं रिगी पर्वतावर जाण्याचें ठरविलें. सरोवरांतून बोटीनें व्हिट्झनौ गांवापर्यंत जायचें आणि तेथून दातेरी रुळांच्या आगगाडीनें वर चढायचें. ही आगगाडी १८७१ सालची. यूरोपांतील तशा प्रकारची पहिली. पत्नीला चढउतार नको होता, म्हणून आम्ही दोघें शहरांत राहिलों. सात वाजतां परत येतों असें मुलें सांगून गेलीं. सात वाजले, सव्वासात झाले, पावणेआठ झाले. मोबाईल लागेना. मागाहून कळलें तें असें : मुलानें सिमकार्ड पॅरिसला घेतलें होतें, आणि तें यूरोपीय संघांतील देशांपुरतें होतें, स्वित्झर्लंड त्या संघांत नाहीं. ही चूक आमचीच. कार्ड घेतांना देशांची यादी वाचली नव्हती. क्रियापदें तपासणाऱ्यांनीं नामें तपासलीं नाहींत! आपण जाल तेव्हां एवढें जरूर पाहावें.

लुत्सर्नला रॉइस नदीवर छप्पर असलेला एक लांकडी पूल आहे. मूळ चौदाव्या शतकांतला. ऑगस्ट १९९३ मध्यें त्याचा बराच भाग जळाला आणि पुढच्याच वर्षीं तो पुन्हां बांधून काढला गेला. त्या पुलावर मी येरझारा घालीत होतों. परक्या देशांत, परक्या भाषेंत कोणाला काय विचारणार? मनांत सारखें येत होतें कीं, नऊ देशांची सहल घेतली असती, तर या वेळीं दोघेंही माझ्या डोळ्यांसमोर बसमध्यें बसलेलीं असतीं. पत्नी कठड्याशीं उभी होती, ती इतकेंच म्हणाली, “पुढच्या वर्षीं बंगळूरला ती साडेसातला घरीं आली कीं नाहीं, तें आपल्याला कोण सांगणार आहे?”

आठ वाजून गेल्यावर दोघें पुलाच्या टोकाशीं दिसलीं. बोट डोळ्यांदेखत सुटली होती. मग तीं पुढच्या बोटीनें आलीं. मी रागावणार होतों. शब्द तयार होते. तोंच मुलगा कठड्यावरून खालीं वाकून म्हणाला, “बाबा, ही रॉइस ना? ही पुढें आर नदीला मिळते, आर ऱ्हाईनला मिळते, म्हणजे हें पाणी हॉलंडला जातें. तुम्हींच शिकविलें होतेंत.”

मीं खालीं पाहिलें. नकाशावर जी रेघ मी चौतीस वर्षें छडीनें गिरवीत आलों, ती तेथें हिरवट रंगाची होती, तिला वेग होता, आणि पुलाखालून जातांना ती आवाज करीत होती. मी रागावलों नाहीं. आम्ही चौघें बराच वेळ तेथें उभे राहिलों. ती आमची मोकळी दुपार, पत्रकांत जिच्यापुढें कांहींच लिहिलेलें नव्हतें.

श्रोतेहो, मुलगी आतां बंगळूरला आहे. मुलगाही लौकरच कोठेंतरी जाईल. माझें हॉलंड पाहावयाचें राहिलें, तें राहिलें. पण कोणी मला विचारलें कीं, मास्तर, दोन सहलींतून कोणती निवडावी? तर मी सांगतों : देश मोजूं नका, मुक्काम मोजा. नामें वाचूं नका, क्रियापदें वाचा. वजाबाकी करून जे दिवस उरतात तेवढ्यांचीच किंमत करा. आणि मुलें मोठीं असतील, तर तो कागद व ती पेन्सिल त्यांच्या हातीं द्या. तीं कांहीं चुकतील, बोट चुकवतील. पण सहल त्यांची होईल, आणि त्यांच्या मागोमाग आपलीही होईल. अ‍ॅडम स्मिथला ज्या मुलांची काळजी वाटली, त्यांना सर्व कांहीं दुसऱ्यानें ठरवून दिलेलें होतें. आपल्या मुलांना निदान थोडें ठरवूं द्यावें.